देवाच्या नारळावर नफा

आत्माराम भाटकर हा गप्पा मारायला बसावं असा माणूस नव्हता. मांडवीत रस्त्याच्या त्या बाजूला त्याचं किराणा-भुसाराचं दुकान आणि या बाजूला माझं सायकल दुरुस्तीचं. त्यामुळे कित्येक वर्षं रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं दर्शन मला त्याचंच व्हायचं, आणि त्या दर्शनाने दिवस चांगला जाईल असं कधी वाटलं नाही. उंच, किडकिडीत, कपाळाला कायमच्या आठ्या. ‘काय आत्माराम, आज फार उकडतंय,’ म्हटलं की तो ‘हं’ म्हणायचा, आणि तेवढ्यावर आमचं संभाषण संपायचं. गिऱ्हाइकाशीही तोच प्रकार. साखर मागितली की साखर तोलायची, काटा थांबेपर्यंत हात मागे ठेवायचा, पुडी बांधून पुढे सरकवायची. कोणी भाव कमी करायला सांगितलं तर तो भांडत नसे, नुसती बांधलेली पुडी सोडायला घेई. मग गिऱ्हाईक मुकाट्याने पिशवीतून पैसे काढी. असल्या माणसाचं दुकान चालतं कसं असं बाहेरच्याला वाटलं असतं. पण त्याच्याकडे मापात खोट नाही हे सगळी मांडवी जाणून होती, आणि गोड बोलून पावशेर मारणाऱ्यांचा अनुभव प्रत्येकाला कुठे ना कुठे आलेला होता.

शिमग्यात मात्र हा माणूस बदलायचा. देवाची पालखी घरोघर फिरायला निघायच्या आधी तो एक दिवस दुकान अर्धं बंद ठेवून पावसला जायचा. तिथल्या रावजींच्या बागेतून नारळ निवडून आणायचा. एकेक नारळ कानाशी धरून हलवायचा, शेंडी ओढून बघायचा. मग दुकानाच्या दारात, पायरीच्या उजव्या हाताला, बांबूचा एक मोठा हारा मांडायचा, त्याला हळदकुंकू लावायचा आणि हे नारळ त्यात रचायचा. हा देवाचा हारा. पालखी दाराशी आली की घरची बाई ओटी भरते, पुरुष माणूस देवापुढे नारळ ठेवतो, नवसाचे असतील ते वेगळे. त्यासाठीचे नारळ या हाऱ्यातून न्यायचे. जेवणाला, वाटपाला हवा असलेला नारळ आत फळीवर, त्याचा भाव निराळा. देवाच्या हाऱ्यातला नारळ ज्या भावाला पडला त्याच भावाला द्यायचा, वर एक पैसासुद्धा घ्यायचा नाही, हा आत्मारामच्या वडिलांचा, गंगारामांचा नेम. तो पोराने पुढे चालवला. मजा अशी की लोकही हा नेम पाळत. देवाचा नारळ स्वस्त मिळतो म्हणून तो नेऊन कोणी घरी आमटीत घातला असं मी कधी ऐकलं नाही. मांडवीची माणसं तशी काही संत नाहीत, पण या एका गोष्टीत सरळ वागायची.

त्या चार दिवसांत आत्माराम पायरीवर उभा राहून प्रत्येकाला हातांनी नारळ निवडून द्यायचा. ‘हा घे, पाणी भरपूर आहे,’ असं एखादं जास्तीचं वाक्यही बोलून जायचा. मिठाईचा मोठा दुकानदार जेवढ्या ऐटीत गल्ल्यावर बसत नसेल, तेवढ्या ऐटीत हा बिननफ्याच्या हाऱ्याशेजारी उभा असायचा. बाकी वर्षभर त्याच्याकडे ऐट करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. मूलबाळ नव्हतं, दुकान भाड्याचं होतं, घरात तो आणि बायको मालन.

शहाऐंशी साली मोठ्या रस्त्याला बझार उघडला. मुंबईच्या कोणा पैसेवाल्याचा होता. आत नळीचे दिवे, काचेची दारं, आणि हातात टोपली घेऊन सामान आपणच उचलायचं. आमच्या बायकांना त्याचं भारी अप्रूप. कोणाला ‘हे दाखवा, ते दाखवा’ म्हणायला नको, उगाच हात लावून बघितलं तरी कोणी काही बोलत नाही. दारावर एक मोठी काळी फळी, तिच्यावर खडूने रोजचे भाव. साखर, काडेपेटी, अंगाचा साबण, खोबरेल. एकेक भाव असा, की वाचून आत्मारामला पहिल्यांदा वाटलं लिहिणारा चुकला. तो ज्या भावात घाऊक आणत होता, त्याच्याही खाली तिथे किरकोळ विक्री चालली होती.

दिवाळीपर्यंत आमच्या रस्त्यावरचा एक दुकानदार मुंबईला मुलाकडे निघून गेला. दुसऱ्याने दुकानाचं पिठाच्या गिरणीत रूपांतर केलं. आत्मारामकडे उधारीचं गिऱ्हाईक तेवढं राहिलं, कारण बझारात उधार मिळत नव्हतं. रोखीचं सामान बझारातून आणि हात आखडला की आत्माराम, असा हिशेब लोकांनी आपसूक बसवला. मला त्याचा संताप यायचा. आत्माराम मात्र काही बोलत नसे. धंदा आहे, कमी-जास्त व्हायचंच, एवढंच तो एकदा म्हणाला.

पण एक दिवस त्याला राहवलं नाही. अंगात धुवट सदरा घालून तो थेट बझारात गेला आणि मॅनेजरला भेटला. परत आल्यावर रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आला, उलट्या ठेवलेल्या सायकलीपाशी खोक्यावर बसला आणि आमच्या ओळखीत एका दमात इतका कधी बोलला नव्हता तितका बोलला. मॅनेजर पोरगेलासा होता आणि वागायला चांगला होता. त्याने चहा मागवला. आत्मारामने विचारलं, ‘साहेब, तुम्हांला ही साखर कुठे मिळते ते सांगा, मीही तिथूनच आणतो.’ त्यावर तो हसला आणि काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. साखर कुठेच त्या भावाला मिळत नाही, बझार ती तोट्यातच विकतो. माणसाच्या डोक्यात चार-पाच जिनसांचेच भाव पक्के असतात. तेवढे पाडायचे. तेवढ्यासाठी माणूस येतो आणि टोपलीत चहा, हळद, हिंग, बिस्किटं असं दहा प्रकारचं सामान घालून जातो. त्याचे भाव कोण लक्षात ठेवतो? ते थोडे चढेच लावलेले असतात. आणि एकदा आजूबाजूची दुकानं मिटली, की साखरेचाही भाव हवा तसा चढवता येतो. आत्मारामच्या तोंडावर तो हे बोलला, त्यात त्याला वावगं असं काही वाटलं नाही. उलट जाताना म्हणाला, दुकान बंद करायचं झालं तर आमच्याकडे या, गोदामात माणूस हवाच आहे.

हे सगळं ऐकून मी चार शिव्या हासडल्या. आत्माराम उठला आणि म्हणाला, ‘हे लोकांना सांगून पटायचां नाय.’

त्याचं खरं होतं. मी सांगून पाहिलं. माझ्याकडे पंक्चर काढायला येणाऱ्या प्रत्येकाला मी बझाराची ही युक्ती समजावून सांगायचो. लोक ऐकून घेत आणि हसत. तोट्यात कोण धंदा करतो हो, असं विचारत. इतका मोठा बझार तोटा सोसतोय आणि आत्माराम तेवढा खरा, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. त्यांच्या मते बझार लावतो तो खरा भाव, आणि त्याच्यावर जे काही होतं ते इतकी वर्षं आत्मारामच्या खिशात गेलं. एकदा मी आवाज चढवला, तर एक मास्तर मला म्हणाले, तुमची आत्मारामशी भागीदारी आहे का?

तरीही हे साखर-साबणाचं बोलणं आत्माराम गिळून होता. शिमगा आला आणि बझाराच्या काळ्या फळीवर खडूने लिहिलं गेलं: नारळ, दोन रुपये.

रावजींच्या बागेतला नारळ त्या वर्षी टेम्पोचं भाडं धरून आत्मारामला बरोबर तीन रुपयांना पडला होता. देवाचा हारा त्याने तीनच्याच भावाने मांडला होता. बझाराचा माल खालून, दक्षिणेकडून ट्रकने आलेला. त्या ट्रकवाल्याच्या चाकाची हवा भरून देताना मी त्याला विचारलं, तर त्यांनाही नारळ अडीचच्या वर पडत होता. पण हे ट्रकवाल्याला आणि मला ठाऊक. फळीवर दोन रुपये होते, आणि फळी सगळ्यांना वाचता येत होती.

पहिल्या दिवशी हाऱ्यातले मोजके नारळ गेले. दुसऱ्या दिवशी हाऱ्याकडे कोणी फिरकलं नाही. बायका बझाराच्या कागदी पिशव्यांतून नारळ घेऊन आमच्या समोरून गेल्या. त्यांतल्या काही जणी मान खाली घालून गेल्या, बाकीच्या सरळ बघत गेल्या. ते एक वेळ ठीक होतं. पण संध्याकाळी पारावर भागोजी बोलला. हा भागोजी पालखीच्या मानकऱ्यांपैकी, दोन होड्यांचा मालक, मनाने वाईट नाही पण जिभेला हाड नाही. तो चारचौघांत म्हणाला, की किराण्यात खाल्लं ते खाल्लं, पण बापाचं नाव सांगून हा देवाच्या नारळावरही रुपया खात होता. कोणी त्याला खोडून काढलं नाही. तासाभरात ते बोलणं आत्मारामच्या कानावर आलं.

दुकान बुडत असताना जो माणूस ‘धंदा आहे’ म्हणाला होता, तो या एका वाक्याने पार खचला. मी गेलो तेव्हा तो हाऱ्यातला एक नारळ हातात घेऊन पायरीवर बसला होता. मालन दारात उभी होती. रावजींना बोलावून लोकांसमोर उभं करावं, त्यांच्या तोंडून भाव वदवावा, असं ती सांगत होती. मलाही ते पटत होतं. पण आत्माराम म्हणाला की माझ्या शब्दाला रावजींचा साक्षीदार लागणार असेल, तर तो शब्द राहिला कशाला. आणि मग त्याने ठरवलं ते सांगितलं. उद्या सकाळपासून देवाचा नारळ तोही दोन रुपयांना देणार. प्रत्येक नारळामागे रुपयाचा खड्डा पडणार होता, आणि दुकानाची अवस्था अशी की तो खड्डा बुजवायला मालनच्या हातातल्या पाटल्यांशिवाय घरात काही नव्हतं.

मालनला रुपयाचं वाईट वाटलं नाही. तिला दुसरंच दिसलं. ती म्हणाली, ‘उद्या दोनाला देणार, तर काल तीनाला का दिलेत, ह्याचां लोकांना काय उत्तर देणार?’

‘माझां नुकसान मी बघून घेईन,’ आत्माराम म्हणाला. ‘देवाच्या नारळावर मी खाल्लंय असां कोणी म्हणायला नको.’

मी तिच्या बाजूने बोलायला हवं होतं असं आता कोणी म्हणेल, तर बोललो होतो. पण ज्याला सगळं आयुष्य कमी बोलायची सवय, त्याला दुसऱ्याचं बोलणंही कमीच ऐकू येतं.

सकाळी हाऱ्याला त्याने पुन्हा हळदकुंकू लावलं. दोन रुपये म्हटल्यावर गर्दी झाली. बझारापर्यंत चालायचा कंटाळा असलेले सगळे आले, वर देवाच्या हाऱ्यातला नारळ म्हणून आणखी बरं वाटलं. आत्माराम पायरीवर उभा राहून नारळ निवडून देऊ लागला. त्याच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली होती. भागोजीही आला. त्याने दोन नारळ घेतले, पैसे दिले आणि मोकळेपणाने, अगदी थट्टेच्या सुरात म्हणाला, ‘अरे आत्माराम, काल तीनाला देत होतास नि आज दोनाला देतोस. म्हणजे रुपाया खातच होतास ना? मग आमी बोललो तां काय खोटां होतां?’

जमलेली माणसं हसली. हसण्यात विखार नव्हता. एक हिशेब सुटला म्हणून ती हसली, एवढंच. पुढची बाई हात पुढे करून उभी होती, तिला त्याने नारळ दिला. नंतर हारा रिकामा होईपर्यंत तो नारळ देत राहिला, आणि प्रत्येक नारळाबरोबर आपल्याच हाताने आपल्यावरचा आळ पक्का करत राहिला. मला समोरून ते बघवेना, म्हणून मी त्याच्या दुकानाला पाठ करून चाकाच्या तारा आवळत बसलो.

त्याला आता एकच जागा उरली होती. पालखी त्याच्या दाराशी यायची होती.

कोकणाबाहेरच्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे काय हे सांगावं लागतं. पालखी दाराशी टेकली की गुरव देवापुढे उभा राहून त्या घरचं म्हणणं मोठ्याने मांडतो. कोणाला नोकरी हवी, कोणाची होडी सुखरूप परत यावी, कोणाची सून बाळंत व्हायची आहे. गुरवाच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. सगळ्या वाडीसमोर देवाला सांगितलं की ती गोष्ट ठरली, असं आमच्याकडे मानतात. आत्मारामने दादू गुरवाला आधीच गाठून सांगून ठेवलं होतं. दुसरं काही मागायचं नाही, धंदा मागायचा नाही, देवाच्या नारळावर मी कधी खाल्लं नाही, एवढंच देवापुढे बोल.

दुपार कलल्यावर ढोल वाजत पालखी आली. पायरीवर मालनने सारवून रांगोळी काढली होती. तिने ओटी भरली. आत्मारामने रिकाम्या हाऱ्यातून बाजूला काढून ठेवलेला नारळ देवापुढे ठेवला आणि हात जोडून उभा राहिला. दादू गुरव पुढे आला. माणसं गोळा झाली.

‘हे देवा म्हाराजा, वर्सातून एकदा तू ह्या उंबऱ्याशी येतोस, ह्या लेकराची सेवा गोड मानून घे.’

‘व्हय म्हाराजा!’

‘ह्याच्या बापाने तुझा नारळ बिननफ्याचा ठेवलान. ह्यानेही तसाच ठेवलान, एक पैसा वर घेतलान नाय, असां तो तुझ्या पायाशी सांगतोय.’

‘व्हय म्हाराजा!’

आवाज चांगला खणखणीत आला. आत्मारामने डोळे मिटले. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं. झालं एकदाचं, असं मला वाटलं, आणि मनापासून बरं वाटलं. तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं.

पण दादू गुरवाचं गाऱ्हाणं तिथे थांबत नाही. ते कोणाचंही असो, शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. ते त्याच्या बापाकडून त्याच्याकडे आलेलं, आणि सांगितलं तरी त्याला ते गाळता आलं नसतं. म्हैस हरवल्याच्या गाऱ्हाण्यालाही तो ते लावतो.

‘ह्यात जाणता-अजाणता लेकराकडनं काय चूकमाक झाली असंल, ती पोटात घाल, आणि ह्याला माफ कर रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा!’

हा होकार सगळ्यांत मोठा होता. ढोल पुन्हा सुरू झाले. पालखी खांद्यावर चढली. आत्माराम डोळे उघडून बघत राहिला. त्याला कळलं होतं, आणि कळायला नको होतं असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मानकऱ्यांतून भागोजी मागे फिरला, त्याच्याजवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा आवाज खरोखरच प्रेमाचा होता.

‘झालां गेलां विसर आता. देवान माफ केलंन तुला. आमच्या मनातपण काय नाय.’

आणि तो पालखीमागे निघून गेला. मालन खाली बसून रांगोळीवर सांडलेले तांदूळ गोळा करू लागली.

त्या दिवसापासून माणसं आत्मारामशी फार चांगली वागू लागली. रस्त्यात भेटली तर थांबून विचारपूस करत. बझाराचं नावही त्याच्यासमोर काढत नसत. माफ केलेल्या माणसाशी वागावं तसं वागणं होतं ते, आणि त्यातलं प्रत्येक हसू त्याला झोंबत होतं. कोणी शिवी दिली असती तर त्याने कदाचित उलट उत्तर दिलं असतं. माफीला काय उत्तर देणार? पावसाळ्याच्या तोंडाला त्याने दुकान सोडलं. काटा-वजनं एका गावच्या दुकानदाराने नेली. बझाराच्या गोदामात तो गेला नाही. रावजींच्या बागेत पोती भरायला, नारळ सोलायला जाऊ लागला. पहाटेच्या पहिल्या एस्टीने जायचा, दिवस मावळता यायचा. आमचं बोलणं आधीच थोडं, ते आता उरलं नाही.

पुढच्या शिमग्याला बझाराच्या फळीवर नारळाचा भाव चढला. साडेचार रुपये. आमच्या रस्त्यावर नारळ ठेवणारं दुकानच राहिलं नव्हतं. खरं तर पावसच्या बागेतून आत्माराम पाहिजे तितके नारळ आणू शकला असता, पण रावजींकडे त्या वर्षी फळ कमी, आणि होतं ते सगळं आधीच बझाराने उचललं होतं. त्याने स्वतःच ते पोत्यांत भरून दिलं होतं. तेव्हा पालखीच्या आदल्या दिवशी तो बझारात गेला. मलाही नारळ हवा होता, म्हणून मीही बरोबर गेलो.

रांगेत आमच्या पुढे भागोजी होता. हातात दोन नारळ, आणि कपाळाला आठ्या. साडेचार रुपये म्हणजे काय लूट आहे, अशी त्याची कुरकुर चालली होती. पण तो बोलत होता महागाईबद्दल, सरकारबद्दल. काळ्या फळीबद्दल एक अक्षर नाही. मागे वळून त्याने आत्मारामला पाहिलं आणि त्याला एकदम बरं वाटलं.

‘तुझां दुकान होतां तेव्हाच बरां होतां रे, आत्माराम,’ तो अगदी मनापासून म्हणाला. ‘तुझा नफा धरूनसुद्धा नारळ तीनालाच मिळायचा.’

आत्मारामने हातातल्या नारळाकडे पाहिलं. रांग पुढे सरकली, तसा तो पुढे सरकला आणि साडेचार रुपये काढून गल्ल्यावर ठेवले.